बेडरूमची हाइझुंग

"आई, बाबा, तुम्ही दोघांनी एकमेकांना शेवटची मिठी कधी मारलीत?"

प्रश्न देवश्रीचा नव्हताच मुळी. तो लेने आणि झेहरा या तिच्या वर्गमैत्रिणींचा होता. शुक्रवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या सायकलींपाशी तिघींची पैज लागली होती, की प्रत्येकीनं घरी हा प्रश्न विचारायचा आणि येईल ते उत्तर शब्दाचाही फरक न करता ग्रुपवर बोलून पाठवायचं. झेहरानं त्याच संध्याकाळी विचारून टाकलं. तिच्या आईनं ओला टॉवेल फेकून मारला आणि बाप हसत हसत बाल्कनीत पळाला. लेनेचे आईवडील वेगळे राहतात, म्हणून तिनं दोन घरी दोनदा विचारलं, आणि दोघांनी न ठरवता एकच उत्तर दिलं: तू पहिलीत गेलीस त्या दिवशी. हे ऐकून झेहरा रडली आणि लेने हसली. राहिली देवश्री. वर्षापूर्वीची देवश्री असती तर तिनं काहीतरी थाप मारून वेळ मारून नेली असती. तेव्हा ती वर्गात तोंड उघडायची नाही, बाई पालकसभेत म्हणायच्या की मुलगी हुशार आहे पण आहे की नाही तेच कळत नाही. मग या शरद ऋतूत काय झालं कोण जाणे, एका वादविवादात ती उभी राहिली आणि बसेचना. वर्गानं तिला प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं, आणि तेव्हापासून आपण बोललो की जग ऐकतं असा तिचा पक्का समज झाला होता. तेव्हा शनिवारी सकाळी, तोंडात थालीपिठाचा घास असताना, तिनं प्रश्न बैठकीच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर ठेवून दिला. उत्तरही तिनं मनात रचून ठेवलं होतं. आई म्हणणार, काहीतरीच काय विचारतेस. बाबा म्हणणार, तारीख बघून सांगतो, एक्सेलमध्ये आहे. ती हे सगळं हुबेहूब आवाज काढून ग्रुपवर म्हणून दाखवणार होती.

तसं काही झालं नाही. आईनं लोण्याची डबी बाबाकडे सरकवली. बाबा म्हणाला, "थँक यू." आई म्हणाली, "घे ना." आणि मग आत स्वयंपाकघरात तव्यावरचं शेवटचं थालीपीठ चुरचुरताना ऐकू आलं. बाबाची नजर तिच्यावर नव्हती, आईवरही नव्हती. खिडकीखालून कुणी हाक मारावी तसा तो त्या बाजूला वळला, तिथल्या हाइझुंगच्या, खोली उबदार ठेवणाऱ्या त्या गरम पाण्याच्या पेटीच्या, पांढऱ्या पत्र्यावर त्यानं तळवा ठेवला, आणि सुटल्यासारखा म्हणाला, "ही गार आहे."

"कालपासून," आई म्हणाली. तीही सुटल्यासारखीच.

"मग सांगायचं नाही का?"

"मला वाटलं तुला माहीत असेल."

देवश्रीला हसू आलं, कारण प्रश्न कुठल्या कुठे गेला होता आणि बाहेर उणे सहा होतं आणि तिचा इंजिनियर बाप बाह्या सरसावत होता. मग ती टॉर्च आणायला धावली, कारण बाबा काहीही उघडायला बसला की टॉर्च धरायचा मान तिचा, हे ती पाच वर्षांची होऊन मिरजेहून इथे जर्मनीत र्युसेल्सहाइमला आली तेव्हापासून ठरलेलं होतं.

तो पहिला हिवाळा तिला अजून अंगावर आठवतो. डोळ्यांना नाही, अंगाला. सकाळी बाबा तिचे मोजे हाइझुंगवर टाकून ठेवायचा, आणि पांघरुणातच पायात चढवायचा, आणि ती ऊब टाचेपासून वर चढत गुडघ्यापर्यंत यायची. आजही, सोळाव्या वर्षीही, तिचे मोजे सकाळी तिच्या खोलीतल्या हाइझुंगवर असतात. कुणी ठेवले, कधी ठेवले, हे तिनं कधी विचारलं नाही. पहाटे दार हलकेच उघडतं, पावलं येतात, पावलं जातात, मग पलीकडचं बेडरूमचं दार वाजतं, आणि ती कूस बदलून पुन्हा झोपते. बाबा कारच्या कंपनीत चाचण्या घेतो, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूची तो चाचणीच घेतो. "आधी लक्षण, मग कारण," तो म्हणतो. "लगेच पाना उचलायचा नाही." आजही त्यानं पाना उचलला नाही. आधी सगळ्या घरातून एक फेरी. स्वयंपाकघर: गरम. बाबा काम करतो ती छोटी खोली: गरम, हात लावता येत नाही इतकी. बैठकीची खोली: गार. देवश्रीची खोली: वर गार, खाली कोमट. "वर गार, खाली कोमट म्हणजे काय?" त्यानं विचारलं, जणू तोंडी परीक्षा. "हवा अडकलीय," ती म्हणाली. "गेनाऊ, बरोबर. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरनं गुरुवारी तळघरात पाणी भरलं, जिन्यात चिठ्ठी होती. पाण्याबरोबर हवा आली आणि वर येऊन बसली. पाणी येतंय, पण हवा त्याला वर चढू देत नाही."

हवा काढायची चौकोनी तोंडाची पितळी किल्ली स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात सापडली. खाली धरायला काहीतरी हवं म्हणून देवश्रीनं ओट्यावरची वाटी उचलली, तशी आई आतून म्हणाली, "ती दह्याची आहे, ती नको. चहाचा जुना कप घे." किल्ली पाव फेरा फिरली आणि हाइझुंगनं फुसकारा सोडला, लांबलचक, कंटाळलेल्या माणसासारखा. मग थुंकल्यासारखं पाणी, काळंभोर, गंजलेल्या लोखंडाच्या वासाचं. मग नुसतंच पाणी. बाबानं किल्ली बंद केली, आणि दोघं तळवे टेकवून बसून राहिली, बाप उजवीकडे, लेक डावीकडे. आणि ऊब खालून वर येऊ लागली तेव्हा बाबा तिच्याकडे बघून भुवई उडवून हसला. किती छान हसतो हा, तिला वाटलं. आणि मनात आलं, आई बघतेय का. आई बघत नव्हती. आई सोफ्यावरची मासिकं रचत होती आणि म्हणाली, "झालं का? थँक यू, जयंत."

हे थँक यू. मिरजेला प्रभाआजीच्या घरी कुणी कुणाला थँक यू म्हणत नाही, चहा दिला की चहा घेतला, मीठ मागितलं की मीठ आलं, आणि आजोबा तर मीठ मागतसुद्धा नाहीत, नुसतं ताटाकडे बघतात आणि आजी म्हणते, "अहो, तोंड आहे ना देवानं दिलेलं." देवश्रीला तिथलं हे खरखरीत बोलणं ऐकून कानांना बोचायचं. आमच्याकडे नाही असं, ती लेनेला सांगायची. आमच्याकडे आवाज चढत नाही. माझे आईबाबा कध्धी भांडत नाहीत, दार आपटत नाहीत, बोलताना प्लीज म्हणतात. तिला वाटायचं ही जर्मनीची सवय, इथे राहून आलेली सभ्यता. लेने तेव्हा सायकलचं कुलूप लावता लावता म्हणाली होती, "माझेही शेवटी शेवटी फार सभ्य झाले होते." देवश्रीला ते आठवलं आणि तिनं ते लगेच बाजूला सारलं, हाताला लागलेला तो काळा ओघळ जीन्सला पुसावा तसं.

राहिली बेडरूम. तिथली हाइझुंग तपासायला बाबा गेला आणि दारात थांबला. दार उघडंच होतं. आत आई पलंगावर धुतलेल्या चादरी आणि अभ्रे घड्या करत बसली होती. बाबानं चौकटीवर बोटानं दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "येऊ का?" आई म्हणाली, "ये ना." देवश्री त्याच्या मागे टॉर्च धरून. तिला एवढंच जाणवलं की पलंगाच्या या बाजूची उशी जरा जास्तच गुबगुबीत आहे, हॉटेलातल्यासारखी, आणि या बाजूच्या स्टुलावर काही म्हणजे काही नाही, चष्म्याचं घर नाही, पाण्याची बाटली नाही. आईच्या बाजूला पुस्तकं, क्रीम, चार्जर, सगळा बाजार. बाबा गुडघ्यावर बसला. नळीला हात लावला: गरम. पत्र्याला हात लावला: फरशीसारखा गार. मग त्यानं मान वाकडी करून खालची, ऊब कमीजास्त करायची गोल चकती बघितली. आकड्याच्या जागी चांदणी होती. चांदणी म्हणजे बंद, फक्त पाणी गोठू नये इतपत.

"ही कधीपासून बंद आहे?" त्यानं विचारलं.

"झाली की तीन वर्षं," आई घडी घालता घालता म्हणाली. "मला गारच बरं वाटतं झोपायला."

"मग पिन अडकलीय. इतके दिवस बंद ठेवलं की—" आणि तो थांबला. आईच्या हातातला अभ्राही थांबला, अर्धा दुमडलेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पण एकाच वेळी बघितलं नाही, आणि ते फार मोठ्यानं ऐकू आलं.

टॉर्चचा गोल भिंतीवरून घसरत खाली सतरंजीवर गेला. या खोलीत झोपणाऱ्या माणसाला या खोलीतली हाइझुंग तीन वर्षं बंद आहे हे माहीत नाही. जो माणूस फ्रिजचं तापमान आठवड्यातून एकदा मोजतो त्याला. देवश्रीचं डोकं वादविवादात चालतं तसं भराभर चालू लागलं आणि तिला ते थांबवता येईना. प्रत्येक हाइझुंगवर एक छोटी पांढरी डबी असते, कुठल्या खोलीत किती ऊब वापरली ते मोजणारी. पूर्वी वर्षातून एकदा माणूस येऊन आकडे बघून जायचा, आता ते रेडिओनं परस्पर जातात, म्हणून घरात त्या डबीकडे कुणी ढुंकून बघत नाही. ती बाबाच्या खांद्यावरून वाकली आणि तिनं बटण दाबलं. मागच्या पूर्ण वर्षाचा आकडा आला. चार. ती उठली, बैठकीच्या खोलीत गेली. सहाशे अकरा. तिथून छोट्या खोलीत, जिथे बाबा फक्त मंगळवारी घरून काम करतो, जिथे त्याचं टेबल आहे, मोठ्या बॅगा आहेत आणि पाहुण्यांसाठीचा सोफा आहे जो उलगडला की पलंग होतो. बाराशे सत्याऐंशी. तिनं बटण पुन्हा दाबलं. बाराशे सत्याऐंशीच. टेबलाच्या खालच्या कप्प्यात चष्म्याचं घर होतं. पाण्याची बाटली होती. गळ्याला चोळायचं मलम होतं. सोफ्याच्या आत, तिला ठाऊक होतं की उघडलं तर काय दिसेल, म्हणून तिनं उघडलं नाही, फक्त गादीच्या फटीत बोटं घातली आणि तिथे गोधडीचं टोक लागलं, मिरजेची, आजीच्या जुन्या साडीची. म्हणजे पहाटे जे दार वाजतं ते हे. बाबा रोज पहाटे इथून उठतो, गोधडी आत कोंबतो, सोफा मिटतो, माझे मोजे हाइझुंगवर ठेवतो, आणि मग बेडरूममध्ये जातो. मला उठल्यावर तो बेडरूममधून बाहेर येताना दिसावा म्हणून. तीन हिवाळे. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला वाटायचं, माझा बाबा किती लवकर उठतो.

ती परत आली तेव्हा बाबा हाइझुंगची ती गोल चकती खोलून बसला होता. आत पितळेची बारीकशी पिन होती, आत रुतून बसलेली. तो तिच्यावर पान्याच्या दांड्यानं हळू ठोकत होता, टक, टक, टक, आणि सायकलच्या साखळीच्या तेलाचा एक थेंब सोडत होता, आणि मन लावून, इतकं मन लावून, की जगात त्या पिनेशिवाय काही नव्हतंच.

"बाबा, तू कुठे झोपतोस?"

एरवी तिनं हे जर्मनमध्ये विचारलं असतं. गंभीर काही असलं की ती जर्मनमध्ये जाते. मराठी जेवणासाठी, आजीसाठी आणि लाडासाठी. आज ते मराठीत आलं.

"एक मिनिट, देवू. ही सुटू दे."

"जयंत," आई म्हणाली. "सांग तिला."

"तू सांग."

"आपण हिची शाळा संपल्यावर, आबिटुअरच्या परीक्षेनंतर सांगायचं ठरवलं होतं."

"हो, आपण ठरवलं होतं."

आपण. कित्येक महिन्यांत तिनं या दोघांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता, हे तिला तो ऐकल्यावर कळलं. त्या एका ठरवण्यात ती दोघं किती एक होती. टक, टक, आणि पिन सुटली, आणि भिंतीतून पाणी धावत आल्याचा खळखळाट झाला. बाबा तसाच पाठमोरा बसून होता, पान्यावरून अंगठा फिरवत.

"दुसरं कुणी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही गं," आई म्हणाली. "कुणी नाही. भांडणसुद्धा नाही. भांडण झालं असतं तर मला आजीला काहीतरी सांगता आलं असतं."

"हे कसं सांगू तुला," बाबा म्हणाला. "समज, पंप चालू आहे, प्रेशर बरोबर आहे, सगळे आकडे बरोबर—"

"जयंत, मशीनमध्ये नको सांगूस."

"मला दुसऱ्या कशात येत नाही, मुक्ता."

आणि आई हसली. खरंच हसली, आणि हसता हसता तिनं तो अर्धा दुमडलेला अभ्रा तोंडावर धरला, आणि खांदे हलत राहिले आणि बराच वेळ तो खाली आला नाही. बाबा उठला. दोन पावलं पुढे गेला. देवश्रीनं श्वास धरला. तिचं सगळं सोळा वर्षांचं आयुष्य त्या दोन पावलांच्या पुढे उभं होतं आणि म्हणत होतं, जा, अजून एक. बाबानं हात पुढे केला, तो तेलानं आणि काळ्या पाण्यानं माखला होता, त्यानं तो बघितला आणि मागे घेतला, आणि म्हणाला, "हात धुऊन येतो." नळ फार वेळ वाहत होता.

त्यानंतरचा शनिवार तिला सलग आठवत नाही. आईनं सांगितलेलं तुकड्यातुकड्यानं आठवतं. की मागच्या वर्षी आईला बर्लिनला मोठ्या हुद्द्यावर बोलावलं होतं आणि तिनं नाही म्हटलं. का? तुझी शाळा. की बाबानं डार्मश्टाटला एक लहानसं घर बघून ठेवलं होतं आणि ते सोडून दिलं. का? तुझी शाळा. आबिटुअरला अजून अडीच वर्षं. अडीच वर्षं ही दोघं पहाटे उठून दारं वाजवणार, थँक यू म्हणणार, लोणी सरकवणार, आणि हे सगळं माझ्यासाठी. आई सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट एक प्रकारचा अभिमानच होता, उपास निभावून नेणाऱ्या बाईसारखा, आणि देवश्रीला तो सहन होईना. आपल्या अंगावर कुणीतरी उबदार, जाड पांघरूण घालावं आणि नंतर कळावं की ते त्यांच्या अंगावरून काढलेलं होतं, तसं तिला झालं. ग्रुपवर लेनेचे तीन मेसेज आले: काय झालं, काय म्हणाले, घाबरलीस ना. तिनं फोन उलटा ठेवला. तिची खोली आता छान गरम होती. ती हाइझुंगला पाठ टेकून फरशीवर बसली आणि रडली. मोठ्यानं नाही, कारण भिंतीपलीकडे आई होती आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे बाबा, आणि दोघंही ऐकत असणार हे तिला आता पहिल्यांदा नकाशासारखं स्वच्छ दिसत होतं. तिला दोघांचाही राग येत नव्हता. राग आला असता तर पुढचं सोपं गेलं असतं. तिला एवढंच वाटत होतं, की यांनी मला विचारलं नाही. वर्गात कोण कुठे बसणार हेसुद्धा मला विचारून ठरतं.

रविवारी साडेअकराला नेहमीप्रमाणे मिरजेचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीप्रमाणे तिघं सोफ्यावर बसली, देवश्री मधे, कारण कॅमेऱ्यात सगळी मावायला हवीत. "अहो, इकडे सरका जरा, आईंना दिसत नाही तुम्ही," आई म्हणाली. आठवड्यातून एकदा, याच सोफ्यावर, बाबा तिचा 'अहो' व्हायचा. बाबा सरकला आणि त्यानं हात लांब करून सोफ्याच्या पाठीवर ठेवला, असा की स्क्रीनवर तो आईच्या खांद्यावर असल्यासारखा दिसावा. खांदा आणि हात यांच्यात चार बोटांची जागा होती. तिनं ती बघितली. इतके रविवार ती याच दोघांच्या मधे बसली होती आणि तिनं मागे वळून कधी बघितलं नव्हतं. "थंडी फार आहे का गं?" आजीनं विचारलं. "हाइझुंग बिघडली होती, बाबानं दुरुस्त केली," देवश्री म्हणाली. "गुणाचा आहे माझा जयंत," आजी म्हणाली. "मुक्ता, तुझं नशीब बघ." आई म्हणाली, "हो ना आई." आजोबांनी मागून विचारलं की या मे महिन्यात तिघं येताय ना, आंबे उतरवून ठेवतो. आणि आई आणि बाबा दोघंही एकाच वेळी, एकाच आवाजात म्हणाले, "येऊ की."

स्क्रीन काळी झाली. काळ्या काचेत क्षणभर तिघंही दिसली. बाबानं हात काढून घेतला, आई चहा टाकायला उठली.

"आई, बस. प्लीज नको, थँक यू नको. नुसती बस."

आई बसली. देवश्री मधून उठली आणि त्यांच्यासमोर गालिच्यावर मांडी घालून बसली. आवाज थरथरला नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या आबिटुअरसाठी थांबायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत दोन घरं करायची. आई, तू बर्लिनला पुन्हा विचार. लांब पडेल, पण गाडी आहे, मी येईन. बाबा, तू झोपायला नीट पलंग घे. आणि आजीला तुम्ही दोघांनी मिळून सांगायचं, पुढच्या रविवारच्या आत. कारण पुढच्या रविवारी मी इथे मधे बसणार नाहीये."

"देवू, अगं तुला झेपणार नाही हे," बाबा म्हणाला. "तुला अजून—"

"नाही झेपणार," ती म्हणाली. "मी रडणार आहे. पुष्कळ दिवस रडणार आहे, परीक्षेतसुद्धा रडेन कदाचित, ते आत्ताच सांगून ठेवते. पण तुम्ही त्यासाठी थांबायचं नाही."